विमानाचा सॅटेलाइट संपर्क कॉकपिटमधून बंद करता येताच कामा नये

खिडकीची सीट
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितोय. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच३७०, ८ मार्च २०१४, क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं बोइंग ७७७, २३९ माणसं, रात्री १:२१ ला ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) बंद झाला आणि एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, स्क्रीनवरून गायब. त्यानंतर ते जवळजवळ सात तास उडत होतं हे कळलं कशावरून, तर सॅटेलाइटवरून. तेही जागा वगैरे कुणी कळवत नव्हतं हां, तासभर काही बोलणं झालं नाही की जमिनीवरचं स्टेशन नुसतं विचारतं "आहेस का" आणि विमानातलं यंत्र म्हणतं "आहे". ते "आहे" पोचायला किती वेळ लागला त्यावरून विमान सॅटेलाइटपासून किती लांब होतं तेवढं निघतं, आणि नकाशावर एक भलीमोठी कमान काढायची आणि तिच्यावर शोधत बसायचं. शेवटचा सिग्नल सकाळी ८:१९ चा. आणि ही लिंकसुद्धा मध्ये तुटली होती, २:२५ ला परत लॉग-ऑन झाली (यंत्राने सॅटेलाइटशी नव्याने जोडून घेतलं), म्हणजे वीज गेली आणि परत आली असंच धरतात. का गेली कुणालाच माहीत नाही. मी म्हणतो ही एक वायर माणसाच्या हाताबाहेर ठेवा ना, आणि तिच्यावरून ब्लॅक बॉक्सचा डेटा लाइव्ह पाठवा. समुद्राचा तळ खरवडत कशाला बसायचं?

नटबोल्ट
मी विमानं दुरुस्त करतो, १८ वर्षं. हाताबाहेरची वायर ही कल्पना ऐकूनच काटा येतो. सप्टेंबर १९९८, स्विसएअर १११, एमडी-११, कॉकपिटच्या छताच्या वर आग, २२९ गेले. तपासात संशय गेला तो प्रवाशांच्या करमणुकीच्या सिस्टीमच्या वायरिंगवर. धूर आला की पायलटच्या हातात पहिली गोष्ट असते वीज तोडणं, आणि कशाची वीज तोडायची हे त्याला आधी माहीत नसतं. सॅटकॉमचा, म्हणजे सॅटेलाइट संपर्काचा, डबा बऱ्याच विमानांत केबिनच्या छताच्या वर असतो, अँटेनाखाली, तिथे वायरी कशा एकमेकींना खेटून असतात ते एकदा पॅनल काढून बघा. तिथली एक वायर कुणालाच बंद करता येणार नाही म्हणता, ती जळाली तर?

उंटावरचा शहाणा
आग वगैरे ठीक आहे पण पस्तीस हजार फुटांवर लोक व्हिडिओ कॉल करतायत राव. वायफायला डेटा आहे आणि ब्लॅक बॉक्सला नाही? सोय आहे, इच्छा नाही.

नटबोल्ट
हा गैरसमज सगळ्यांचाच असतो. वायफायची अँटेना वेगळी, ती केयू किंवा केए बँड नावाच्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर, आणि तिला सॅटेलाइटकडे सतत रोख धरून राहावं लागतं. विमान एका पंखावर पडलं, उलटं झालं की रोख सुटला, म्हणजे डेटा हवा असतो नेमक्या त्याच क्षणी लिंक गेली. सुरक्षेची लिंक एल बँडवर, कमी फ्रिक्वेन्सीवर असते, ढग-पाऊस तिला फारसं अडवत नाहीत, पण नळी बारीक. त्यातून मोजकी वाक्यं जातात, रेकॉर्डरमधली हजारो मोजमापं सेकंदा-सेकंदाला पाठवायला बऱ्याच जुन्या यंत्रांत जागा नसते.

ठिपकेवाली
मी एअरलाइनच्या डिस्पॅचला आहे, जमिनीवरून विमानांवर लक्ष ठेवते, रात्रपाळी जास्त. तुम्ही दोघं ब्लॅक बॉक्सवरून भांडताय पण रोजचा उपयोग कुणी बोलतच नाहीये. व्हीएचएफ, म्हणजे नेहमीचा रेडिओ, क्षितिजापर्यंतच, मोठ्या उंचीवर जेमतेम ३५०-४०० किमी, त्यापुढे समुद्रावर पूर्वी लांब पल्ल्याचा रेडिओ, एचएफ एके एचएफ. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत, खरखर, शिट्ट्या, मध्येच दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज, आणि तीनदा पोझिशन सांगून चौथ्यांदा "से अगेन". आता सॅटेलाइटवरून सीपीडीएलसीवर मेसेज टाइप होऊन जातो, एडीएस-सीवर जागा आपोआप येते. नोव्हेंबर २०१८ पासून आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) नियमाने समुद्रावर दर १५ मिनिटांनी जागा कळायला हवी.
एकदा पहाटे तीनला एका विमानाचा ठिपका आला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मेसेज टाकला, उत्तर नाही. माझे हात गार. सॅटेलाइट फोन लावला, वाजतोय, वाजतोय, आणि कॅप्टनने उचलून अगदी शांतपणे "येस, गो अहेड". एका सॅटेलाइटवरून दुसऱ्यावर जाताना लॉग-ऑन अडकला होता. त्या फोनची रिंग किती वेळ वाजली ते मी मोजलं नाही पण अजून कानात आहे. एमएच३७० लाही जमिनीवरून दोनदा फोन लावले होते, दोन्ही वेळा नुसती रिंग.

खिडकीची सीट
ठिपकेवाली, तुमचं वाचून माझंच म्हणणं पक्कं झालं. १५ मिनिटांत जेट दोनशे किलोमीटरच्या वर जातं! आणि नटबोल्ट, बारीक नळी म्हणता पण एअर फ्रान्सच्या एएफ४४७ ने, जे अटलांटिकमध्ये पडलं, त्याच नळीतून चार-पाच मिनिटांत २४ मेंटेनन्स मेसेज पाठवले होते ना? १ जून २००९, २२८ माणसं. पॅरिसला कळत होतं वेगाची मोजणी गडबडलीये, आणि तरी रेकॉर्डर हाती लागायला मे २०११ उजाडला, साधारण ३,९०० मीटर खोलीवरून.

नटबोल्ट
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे भाऊ. तिथे जागा दर दहा मिनिटांनीच यायची, मलबा शेवटच्या कळलेल्या जागेपासून साडेसहा नॉटिकल मैलांवर सापडला. मिनिटाला एक ठिपका असता तर दोन वर्षं लागलीच नसती, लाइव्ह ब्लॅक बॉक्सची गरजच नाही. आणि तोच नियम आता आलाय: २७ टनांवरच्या नव्या विमानांना, विमान विचित्र कोनात गेलं, जमिनीकडे झेपावलं, सगळी इंजिनं गेली की यंत्र स्वतःच मिनिटाला जागा पाठवणार. विमानाची वीज गेली तरी चालायला हवं, आणि आपोआप सुरू झालेलं पायलटला बंद करता येत नाही. तुमची "हाताबाहेरची वायर" तीच, फक्त स्वतःच्या छोट्या बॅटरीवर, मुख्य विजेला न लटकलेली.

उंटावरचा शहाणा
जागा कळली, कारण? डिसेंबर २०२४ मध्ये जेजू एअरचे दोन्ही रेकॉर्डर शेवटची चार मिनिटं बंद होते, १७९ गेले, आणि विमान तर विमानतळावरच होतं, शोधायचं काहीच नव्हतं. तिथे लाइव्ह डेटा पाहिजे होता की नाही?

नटबोल्ट
रेकॉर्डरला वीज नसेल तर अँटेनाला कुठून येणार? तिथे उपाय रेकॉर्डरला दहा मिनिटांची वेगळी बॅटरी, आणि ती बऱ्याच नव्या विमानांत असते.

ठिपकेवाली
आवाजाचं रेकॉर्डिंग लाइव्ह पाठवायला पायलट लोक तयार होणार नाहीत हेही धरा. आमच्याकडच्या एकाने सांगितलं, मी दिवसभर काय बोललो ते ऑफिसात बसून कुणी ऐकणार असेल तर मी बोलणंच बंद करीन. कॉकपिटमध्ये बोलणं बंद होणं हाही धोकाच.

खिडकीची सीट
आवाज राहू द्या, मान्य. पण मिनिटाचा नियम "नव्या विमानांना" ना? विमान वीस-पंचवीस वर्षं उडतं. आज आकाशात जी आहेत त्यांचं काय?

नटबोल्ट
जुन्यांना सक्ती नाही. बसवायचं तर हँगरमध्ये मोठ्या चेकला आलं की, छताचा पत्रा भोकायचा, वायरिंग, परत सर्टिफिकेशन, आणि तेवढे दिवस विमान जमिनीवर. कंपन्या आपणहून नाही करत.

खिडकीची सीट
म्हणजे पैसा. मग पहिल्याच उत्तरात आगीचं कशाला पुढे केलंत?