चित्र चकाचक, पण रेघा कुठे गेल्या?
'टॉम अँड जेरी'च्या ब्लू-रेची प्रिंट जुन्या डीव्हीडीपेक्षा स्वच्छ आहे म्हणून परीक्षणात ५ पैकी ५ देताय, ते काही पटलं नाही बुवा. टॉम जोरात पळतो तिथे पॉज करून बघा, मिशांच्या रेघा मधेच तुटलेल्या दिसतात, कारण धूळ-ओरखडे पुसणारं सॉफ्टवेअर सेलवरची (म्हणजे कार्टून ज्यावर काढतात त्या पारदर्शक शीटवरची) पातळ शाईची रेघसुद्धा ओरखडाच समजून खाऊन टाकतं.

आणि दुसऱ्या ब्लू-रे भागाची वाट बघणाऱ्यांनी थोडं दमानं घ्या. २०११ च्या पहिल्या भागात ३७ कार्टून होती, २०१३ चा दुसरा जाहीर झाला पण 'माऊस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' ही दोन कार्टून गाळल्यावर लोक असे भडकले की तो आलाच नाही.