राउटर टेबल किती सपाट असावं? मधली पट्टी पायरी सोडतेय

नमस्कार मंडळी,

मी सुतार नव्हे, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार गॅरेजात भुसा पाडणारा माणूस. दिवाळीत १८ मिमी एमडीएफचं (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) राउटर टेबल केलं; राउटर म्हणजे फिरत्या पात्यानं लाकडात खाचा पाडणारं यंत्र. ९०० बाय ६००, वर सनमाईका, मधे अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, खाली साडेतीन किलोचा राउटर कायम टांगलेला. उन्हाळाभर झकास चाललं.

आता जुलै. कोल्हापूरचा पाऊस काय सांगायचा, गॅरेजच्या भिंतींनाही घाम फुटलाय. भावाच्या कपाटाची सागवानी शटरं करतोय, कापताना पट्ट्यांची दर्शनी बाजू टेबलाकडे. उभी पट्टी ७५० मिमी, तिच्या कडेला राउटरनं खाच, त्या खाचेत तीन आडव्या पट्ट्यांची टोकं बसतात. वरची आणि खालची चपखल बसते, मधली मात्र अर्धा मिमी वर येते. नखाला लागते. चारही शटरांना तेच! बिट (राउटरचं पातं) घट्ट आहे, उंचीला हात लावलेला नाही.

स्टीलची पट्टी उभी धरून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) घातला तर टेबल मधे ०.८ मिमी खोल. उद्यमनगरात मशीन शॉप चालवणारा मित्र म्हणतो, ०.०२ च्या आत आण. टिंबर मार्केटातले मिस्त्री म्हणाले, "साहेब, लाकूड हाय ते, अर्धा सूत चालतंय." अर्धा सूत म्हणजे दीड मिमी! खरं कुणाचं मानू? आणि नवं टेबल करावं लागेल का?

रंधेवाला :
दोघांचंही नको. ०.०२ लोखंडाला ठीक, लाकूड एका पावसात त्याच्या कितीतरी पट हलतं. बिटभोवतीचा वीतभर भाग ०.१ च्या आत ठेवा, बाकी टेबलाला ०.२-०.३ चालतं. प्लेटची कड वर आलेली नको, पट्टी तिथंच अडते.

तुमची पायरी अशी येते : लांब पट्टीचा मधला भाग बिटवर असतो तेव्हा दोन्ही टोकं खड्ड्याच्या चढावर टेकतात, पट्टी बिटवरून उचललेली राहते आणि खाच दर्शनी बाजूकडे सरकते. टोक बिटवर आलं की तेच टोक खड्ड्यात उतरतं, म्हणून कडेचे सांधे जुळतात. २०० मिमीचा तुकडा आणि ही पट्टी एकाच उंचीवर काढून खाच दर्शनी बाजूपासून किती आत आहे ते मोजा, कळेल.

सनमाईका फक्त वरून आहे ना? खालून एमडीएफ दमट हवा पिऊन फुगलं, वरून बंद, म्हणून कडा वर वळल्या. त्यात राउटरचं वजन. नवं कशाला? कोरड्या दिवशी खालूनही सनमाईका मारा, प्लेटच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी अँगल उभे लावा. अँगलची एक बाजू त्या मित्राकडून मशीनवर सरळ करून घ्या, दुकानातला अँगल स्वतःच वाकडा असतो. काम झालं की राउटर काढून ठेवा.

धागाकर्ता :
खाच मोजली दादा, मधे ०.५ चा फरक, टोकांना काहीच नाही. सनमाईका वरूनच आहे, खालून पैसे वाचवले होते. कापलेल्या उभ्या पट्ट्या टेबल सरळ झाल्यावर परत बिटवरून काढू का?

रंधेवाला :
अजिबात नको, खाच रुंद होऊन सांधा खुळखुळेल. तशीच चिकटवा आणि वर आलेली आडवी पट्टी रंध्यानं उतरवा. सागवान आहे, दोन फटक्यांत होईल.