गाडीवरचे ओरखडे घालवायचे आहेत, शनिवारच्या आत! (मदत हवी आहे)

गल्लीतला_गोंधळ (बुधवार, सकाळी ७:५०)
नमस्कार मंडळी. गाडीला उजव्या बाजूने ओरखडे पडलेत. खोल नाहीत, पण लांबूनही दिसतात. तीन-चार लांब रेघा आणि तळहाताएवढा एक पट्टा घासलाय, त्यात हिरवट काहीतरी लागलंय. घरच्या घरी काय करता येईल? शनिवारी सकाळच्या आत गेलेच पाहिजेत. इंदूरमध्ये कोणी चांगला कारागीर माहीत असेल तर तेही सांगा. "नवीन घे" छाप विनोद कृपया नकोत, डोकं आधीच फिरलंय.

खटपट्या (८:१०)
कुठली गाडी? किती जुनी? रंग? रेघेवरून आडवं नख फिरवून बघ. नख अडकलं तर ओरखडा रंगात उतरलाय, नाही अडकलं तर रंगावरच्या पारदर्शक थरातच, क्लिअर कोटातच आहे. दुसरी खूण म्हणजे तिथे पाणी मार. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली तर पॉलिशने बहुतेक जाईल. फोटो टाक.

गल्लीतला_गोंधळ (८:२५)
ग्रे. दोन वर्षं झाली. नख अडकत नाही. फोटो चढत नाहीये, साईझ मोठी आहे म्हणतंय. पुढे काय करायचं ते सांगा ना.

जवाहरमार्गी (८:४०)
एवढं काय त्यात भिया! छोटी ग्वालटोलीत कुठल्याही दुकानात रबिंग कंपाउंड माग. ओल्या मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं घ्यायचं, एका वेळी वीतभर जागा, हलक्या हाताने सरळ रेषेत घासायचं. मग पॉलिश, मग वॅक्स. अर्ध्या तासाचं काम. सावलीत कर, उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून बसतं आणि मग ते काढताना नवे ओरखडे. मी माझ्या गाडीला दर दिवाळीला करतो, आरशासारखी आहे.

पेन्शनर_रामबाग (९:०५)
दर दिवाळीला?! अहो, रबिंग कंपाउंड म्हणजे मलम नव्हे, ट्यूबमध्ये भरलेला पॉलिश पेपर आहे तो. कारखान्यातून आलेला रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन. आपला केस ७०च्या आसपास असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. ओरखडा "जातो" म्हणजे भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर तुम्ही त्याच्या पातळीपर्यंत उतरवता. अशा किती दिवाळ्या पुरणार?

जवाहरमार्गी (९:१२)
काका, सात वर्षं पुरलंय. गाडी तोवर विकून होते.

पेन्शनर_रामबाग (९:२०)
म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात. छान.

सुगरण_सुमन (९:४५)
एवढं विकत कशाला आणायचं? पांढरी टूथपेस्ट (जेल नको) ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल चोळा. आमच्या ह्यांनी फ्रिजच्या दारावरचा चरा असाच काढला होता. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवायचा.

खटपट्या (९:५८)
ताई, टूथपेस्टमध्येही बारीक घासणारी पूडच असते, म्हणून अगदी उथळ रेघांवर थोडाफार फरक पडतो. पण तेलाने काही जात नाही. चरीत तेल भरतं, रेघ दिसेनाशी होते, पहिल्या धुण्यात पुन्हा हजर. वर धूळ चिकटते ती वेगळीच.

आणि धागाकर्ते, तो हिरवट पट्टा कशाचा? गेटचा ऑइलपेंट असेल तर तो ओरखडा नाहीच, दुसऱ्याचा रंग तुमच्या रंगावर चढलाय. तो आधी उतरवायचा, खाली काय आहे ते नंतर बघायचं.

गल्लीतला_गोंधळ (१०:३०)
हो, गेटचाच. कचऱ्याची गाडी वाजत आली, ती निघून जायच्या आत बादली न्यायची म्हणून घाईत गाडी मागे घेतली आणि समोरच्यांच्या गेटला घासली. गेट त्यांनी मागच्याच आठवड्यात रंगवलं होतं, आता तेही बोलत नाहीत. टूथपेस्ट करून बघतो.

नो_क्लेम (१०:४१)
कोणी विम्याचं बोललंच नाही! पण थांबा, एवढ्याशासाठी क्लेम करू नका. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर २० टक्के नो क्लेम बोनस (म्हणजे हप्त्यात सूट), पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एका क्लेमने तो शून्यावर. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घेतलं की सगळं फुकट असं लोकांना वाटतं, पण बोनस तरीही जातो (बोनस वाचवणारं वेगळं कव्हर घेतलं असेल तरच वाचतो). आणि ही सूट फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीवर नाही.

गल्लीतला_गोंधळ (१०:५०)
विम्याचं विचारलंच नाहीये.

मी_माळवी (११:१५)
गेटचं सोडा, आमच्या पांढऱ्या गाडीवर गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशीचा गुलाबी रंग अजून दाराच्या फटीत आहे. रंगपंचमीला राजवाड्याकडे गाडी नेणं हाच मूर्खपणा, पण पाहुण्यांना गेर बघायची होती. त्यावर काही उपाय?

जवाहरमार्गी (११:२२)
रंगपंचमीला राजवाड्यावर गाडी घेऊन? भिया, तुम्ही नक्की इंदूरचेच ना?

मी_माळवी (११:३०)
सासर ग्वाल्हेरचं, पाहुणे तिकडचे. त्यांना वाटलं लांबून बघता येते.

पेन्शनर_रामबाग (११:५०)
धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नाकडे या. ओरखडे पुढच्या दारावर आहेत की मागच्या? की बंपरवर? बंपर प्लास्टिकचा असतो, पत्र्यासारखा घासून चालत नाही.

गल्लीतला_गोंधळ (दुपारी १२:१०)
दार कुठलं काका? स्कूटर आहे. गाडी म्हणालो ना.

जवाहरमार्गी (१२:१४)
😂😂 सकाळपासून आम्ही कार धुतोय.

खटपट्या (१२:२०)
थांब. ग्रे म्हणजे चकचकीत ग्रे की मॅट?

गल्लीतला_गोंधळ (१२:३५)
बिनचमकीचा आहे, पाटीसारखा. मॅटच म्हणत असतील. पण टूथपेस्टने चांगला फरक पडतोय! खालच्या रेघेवर पाच मिनिटं घासलं, रेघ फिकी झाली आणि तेवढा भाग मस्त चमकायला लागलाय. आता बाकीच्या पॅनेलवरही तसंच करतोय.

खटपट्या (१२:३६)
थांब!!! हात लावू नकोस!

खटपट्या (१२:४८)
आता नीट वाच. मॅटचा वरचा थर मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. उजेड त्यावर विखुरतो म्हणून तो चमकत नाही. तू घासून तो खडबडीतपणा सपाट केलास, म्हणून चमक आली. ती परत मॅट होत नाही. कंपाउंड, पॉलिश, वॅक्स, टूथपेस्ट, काहीही नको. वर जे जे सांगितलंय (मीही सांगितलंय) ते सगळं चकचकीत रंगासाठी होतं.

पेन्शनर_रामबाग (१:०५)
बरोबर. पहिल्याच प्रश्नात "मॅट स्कूटर" हे दोन शब्द लिहिले असते तर टूथपेस्ट वाचली असती.

सुगरण_सुमन (१:३०)
मला काय माहीत मॅट आहे ते. फ्रिज चकचकीत होता.

गल्लीतला_गोंधळ (१:४०)
आता?? गाडी माझी नाही, ताईची आहे. ती शनिवारी सकाळी पुण्याहून येतेय.

खटपट्या (२:००)
हिरवा पट्टा मात्र निघेल. मेडिकलमधून स्पिरिट आण, मऊ कापडाचं टोक भिजव, आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून बघ. रंगाला काही झालं नाही तर पट्ट्यावर ठेव, दहा-पंधरा सेकंदांनी टिपून घे. टिपायचं, घासायचं नाही. दरवेळी कापडाची नवी बाजू. मग साध्या शाम्पूच्या पाण्याने धू.

जवाहरमार्गी (२:१०)
पेट्रोलने एका झटक्यात निघेल.

पेन्शनर_रामबाग (२:१५)
मॅटवर पेट्रोलचा डाग राहिला तर तो तुम्ही येऊन काढणार का? आणि गोंधळराव, त्या पॅनेलला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर पत्रा, नाही तर प्लास्टिक. प्लास्टिकचं असेल तर रंगवण्यापेक्षा त्या रंगाचं तयार पॅनेल सर्व्हिस सेंटरमधून मागवणं सोपं पडतं. मॅटचा एक तुकडा रंगवला की बाजूच्याशी जुळत नाही, पूर्ण पॅनेलच करावं लागतं.

चमक_धमक (२:४०)
सिरॅमिक कोटिंग करून घ्या, पुन्हा कधीच ओरखडा पडणार नाही.

खटपट्या (२:४६)
लोखंडी गेट सिरॅमिकला विचारत नाही. कोटिंगने पाणी-धूळ सरकते, धुताना पडणाऱ्या बारीक रेघांच्या जाळीला थोडा अटकाव होतो. बस.

गल्लीतला_गोंधळ (शुक्रवार, रात्री ९:१५)
अपडेट. स्पिरिटने हिरवा रंग नव्वद टक्के निघाला, दोन तास गेले, कापडाचे सोळा तुकडे झाले. मजा म्हणजे पट्ट्याखाली ओरखडा नव्हताच, मॅट जशीच्या तशी. तीन बारीक रेघा आहेत, त्या तिरक्या उजेडातच दिसतात. सगळ्यात ठळक दिसतोय तो मी टूथपेस्टने केलेला चकाकता गोल, पापडाएवढा. लोहचुंबक चिकटलं नाही. पॅनेल मागवलंय, दहा दिवस लागतील. ताईला फोनवर सांगून टाकलं. ती म्हणाली, गेटचं समजू शकते, टूथपेस्ट कोणी सांगितली?

सुगरण_सुमन (९:४०)
नाव सांगितलं नाहीस ना?

लोकमान्यनगर_४५२ (१०:०५)
तीच मॅट ग्रे माझ्याकडेही आहे, उजवं पॅनेल तडकलंय. नवं बसलं की जुनं भंगारात देऊ नका, मला द्या. पापडासकट चालेल.