मडक्यातली जळालेली हाडे: ६४० ग्रॅम म्हणजे किती माणूस?

खाडीकाठ (ठाणे)
रीतसर उत्खननातली दोन मडकी आमच्या अभ्यासगटाकडे आली आहेत. पहिले आधीच रिकामे करून धुतलेले. २ मिमीवरचे तुकडे ६४० ग्रॅम भरले. दुसरे मातीसकट आहे, गळ्यापाशी तडा गेलाय. ६४० ग्रॅम म्हणजे लहान मूल समजायचे का? दुसरे मडके उघडायचे कसे? आणि कोळसा सापडलाच नाही, तर नुसत्या हाडावरून कार्बन-१४ तारीख निघते का?

बेलापूरची
वजनावरून वय काढू नका. जळालेल्या हाडांच्या अभ्यासक जॅकलिन मॅकिन्ली यांनी १९९३ मध्ये ब्रिटनच्या दहनगृहांतल्या प्रौढांची आकडेवारी दिली: २ मिमीवरची हाडे साधारण १,००० ते २,४०० ग्रॅम, सरासरी १,६०० च्या आसपास. म्हणजे ६४० कमीच. पण चितेवरून सगळी हाडे कोणी वेचत नाही. आजही अस्थी गोळा करताना सगळे कुठे उचलतात?

वय बघायचे ते हाडांची टोके जुळली आहेत का, कवटीच्या हाडाची जाडी किती, आणि दातांवरून. उगवलेल्या दाताचे एनॅमल आगीत तडकून उडते, मुळे राहतात. जबड्यातच असलेला, न उगवलेला दात मात्र बऱ्याचदा टिकतो. तो मिळाला तर मुलाचे वय बरेच नेमके सांगता येते.

व्यक्ती एकच की दोन, हे दुबार आलेल्या हाडांवरून ठरवा: एकाच बाजूचे दोन पेट्रस (आतल्या कानाभोवतीचे टणक हाड, आगीत हमखास टिकते), किंवा मानेच्या दुसऱ्या मणक्याचे दोन सुळके. शेळीमेंढीची हाडे आधी बाजूला काढा, नाहीतर वजनही फसवते. आणि न जळलेल्या हाडांची मापे लावून स्त्री-पुरुष ठरवायला जाऊ नका, पांढरे झालेले हाड चांगलेच आक्रसते.

चाळणीवाला
दुसऱ्या मडक्याबद्दल. उघडण्याआधी सीटी स्कॅन जमले तर करून घ्या. धातू, मणी, मोठे तुकडे कुठे आहेत ते आधीच कळते. मग बाहेरून क्लिंग फिल्म आणि वर क्रेप बँडेज. थेट प्लॅस्टर नको, ते सुटताना खापराचा पापुद्रा ओढते.

आतले २-२ सेंमीच्या थरांनी काढा, प्रत्येक थराचे चार भाग. उत्तर दिशा मडक्यावरच खूण करून ठेवा, प्रत्येक थराचा वरून फोटो. ही कटकट वाटते, पण हाडांचा क्रम यातच असतो. आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थी पायापासून वेचायला सुरुवात करून डोके शेवटी ठेवायला सांगितले आहे. तुमच्या मडक्यात पावलाची हाडे तळाशी आणि कवटी वर निघते का, हे थर न पाडता कधीच कळणार नाही. पहिल्या मडक्याचे तेच नुकसान झालेय.

माती चाळणीत हलक्या पाण्याने, ब्रश न घासता. मॅकिन्लींच्या चाळण्या १०, ५ आणि २ मिमीच्या. आपल्याकडे सिव्हिलवाल्यांकडे आयएस ४६० (चाळण्यांचे भारतीय मानक) च्या मिळतात, त्यात ५ च्या जागी ४.७५ असते. चालेल, फक्त अहवालात तसे लिहा. नाहीतर पुढचा माणूस तुमची प्रत्येक चाळणीवर उरलेल्या हाडांची टक्केवारी ५ मिमीच्या आकड्यांशी ताडून बसेल. ओले तुकडे उचलताना मोडतात. म्हणून बारीक चुरा दिसला की 'मुद्दाम कुटलेली हाडे' लिहू नका.

रानवाट
रंगही नोंदवा. काळा साधारण ३००-४०० अंश सेल्सियस, निळसर राखाडी ५००-६००, पूर्ण पांढरा ७०० च्या वर. वक्राकार भेगा नि पीळ दिसला तर मांसासकट दहन.

बेलापूरची
शेवटचे वाक्य जपून. गोंसाल्व्हिस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की कोरड्या हाडांनाही तसा पीळ पडू शकतो, कोलॅजन (हाडातले प्रथिन) शिल्लक असेल तर. 'शक्यता' एवढेच लिहा. रंगही नुसत्या तापमानाचा नसतो. हवा किती लागली, किती वेळ जळले, तेही त्यात असते. चितेच्या तळाला दबलेला भाग काळाच राहतो.

आणि मडक्यात हाडे आहेत म्हणून दहन असे समीकरण नको. इनामगाव, नेवासे या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींतली लहान मुलांची मडक्यातली दफने न जाळलेली आहेत.

चाळणीवाला
तारीख: निघते. लांटिंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की पूर्ण पांढऱ्या हाडाच्या खनिजातल्या कार्बोनेटमधला कार्बन-१४ मोजता येतो. लांब हाडाच्या दांड्याचा घट्ट तुकडा घ्या, मोडून गाभा बघा; आत राखाडी किंवा काळे असेल तर बाद. दोनेक ग्रॅम असू द्या. फेविकॉल, पॅरालॉइड (हाडे-खापर घट्ट करायचे रेझिन) काहीही लावण्याआधी नमुना काढून ठेवा. एक मेख आहे: जळताना हाडात सरपणाचा कार्बन शिरतो. जुन्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड असेल तर तारीख खरीपेक्षा जुनी येते.

डीएनएची आशा पांढऱ्या हाडात नको. स्ट्रॉन्शियम मात्र टिकते; खाण्यापाण्यातून हाडात येणारे हे मूलद्रव्य माणूस कुठल्या भागात राहिला ते सुचवते. स्टोनहेंजच्या दहन केलेल्या हाडांवर २०१८ मध्ये त्यावरूनच काही माणसे बाहेरची असल्याचे निघाले.

खाडीकाठ (ठाणे)
आभार. ऑगस्टात इथे हाडे वाळतच नाहीत, ओव्हनमध्ये ठेवली तर?

रानवाट
नको, झपाट्याने वाळताना भेगा वाढतात. जाळीच्या ट्रेमध्ये, पंख्याखाली, सावलीत; शेवटी बंद डब्यात सिलिका जेल. लागोपाठ दोन दिवस वजन सारखे आले की वाळले समजा, आणि तेच वजन नोंदवा. पहिल्याचे ६४० ओलसर असताना घेतले नव्हते ना, तेही तपासा. पिशव्या पूर्ण वाळल्याखेरीज बंद करू नका, बारीक मातीला बुरशी धरते. लेबल पेन्सिलीने.