पीई सिव्हिलसाठी क्लास लावायचा की घरीच अभ्यास करायचा?

मुठाकाठची_ऑस्टिनला
मी पुण्याची बीई सिव्हिल, इथे येऊन एमएस केलं, टेक्सासात ड्रेनेजच्या कामाला चार वर्षं होत आली. एफई, म्हणजे पहिली पायाभूत परीक्षा, मागेच झाली, आता पीई, म्हणजे इंजिनिअरच्या लायसन्सची परीक्षा द्यायचीय, वॉटर रिसोर्सेस घेऊन. मॅनेजर म्हणतो लाइव्ह क्लास लाव, नवरा म्हणतो दहावीत आहेस का आता. क्लासची फी हजार डॉलरच्या वर, ऑफिस देणार पण पास झाल्यावर, परीक्षेचे ४०० वेगळेच. घरात दोन वर्षांचं कार्टं आहे. माझं मत विचाराल तर क्लासशिवाय होऊ शकतं, पण धीर होत नाही. भांडा आता.

जर्सीचा_बाब्या
डोळे मिटून क्लास लाव. माझा पहिला अटेम्प्ट स्वतःच्या अभ्यासावर गेला, अभ्यास म्हणजे काय तर शनिवारी पुस्तक उघडायचं की कुणाचं तरी बारसं, कुणाचे आईबाबा भारतातून आलेत त्यांना न्यूयॉर्क दाखवायचंय, संपला शनिवार. क्लास लावल्यावर मंगळवार-गुरुवार सात ते नऊ दार बंद. दुसऱ्यांदा पास. फी शिकवण्याची नव्हतीच, दार बंद करण्याची होती.

शून्य_भोपळा
दार बंद करायचे हजार डॉलर?? कडी लाव की बाबा.

मुद्द्याचं बोलतो. एप्रिल २०२४ पासून सिव्हिल कॉम्प्युटरवर गेलीय. ८० प्रश्न, आठ तास, स्वतःचं एकही पुस्तक आत नाही, स्क्रीनवर एनसीईईएसचं (परीक्षा घेणारी संस्था) सूत्रांचं हँडबुक सर्च करता येतं तेवढंच, आणि कच्च्या कामाला पुसायची वही. म्हणजे क्लासवाल्यांचं जाडजूड बाइंडर घरीच राहणार. मग सहा महिने त्यात बघून गणितं का सोडवायची? हँडबुक एनसीईईएसच्या अकाउंटवर फुकट मिळतं, पहिल्या दिवसापासून त्यातच शोधायचं. मी छापलं पण नव्हतं, मुद्दाम, नाहीतर हाताला पान पलटायची सवय लागते आणि तिकडे पलटायला पानच नाही.

कोपऱ्यातले_काका
आम्ही २०११ ला चाकांची बॅग ओढत गेलो होतो परीक्षेला, पुस्तकांना रंगीत टॅब, शेजारच्याने तर दुधाचे क्रेट आणले होते. सकाळी ४० प्रश्न सगळ्या सिव्हिलचे, दुपारी ४० आपल्या शाखेचे. मी पाण्याचा माणूस, स्टील-काँक्रीट पार विसरलेलो, म्हणून क्लास लावला आणि त्या सकाळच्या पेपरापुरता तो वसूल झाला. आता सकाळचा सामाईक पेपरच नाही. रोज तेच काम करणाऱ्या मुलीला क्लास कशाला, हे मला तरी कळत नाही.

जर्सीचा_बाब्या
काका, रोज काम करतो म्हणजे रोज सॉफ्टवेअरची बटणं दाबतो. हातानं मॅनिंग, ते पाइप-नाल्यातल्या प्रवाहाचं सूत्र, कधी सोडवलात शेवटचं?

कोपऱ्यातले_काका
हे मात्र खरंय.

सांडपाणी_स्पेशालिस्ट
मी भाजलेली आहे म्हणून लिहिते. नाव घेत नाही, पण 'पास नाही झालात तर पुढचा कोर्स फुकट' वाचून पैसे भरले. अटी खाली होत्या: बहुतेक सगळे लाइव्ह तास हजर, सगळ्या क्विझ वेळेत. मध्येच आजी गेली, मी दोन आठवडे साताऱ्याला, हजेरी कमी, गॅरंटी खलास. त्यात काही लेक्चर जुनी रेकॉर्डेड, सर सांगतायत 'या पानाला टॅब लावून ठेवा'. कुठल्या पानाला? स्क्रीनला चिकटवू?? त्यामुळे पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी विचार, लेक्चर कधीची आहेत आणि एक नमुन्याचं बघायला देता का. आढेवेढे घेतले तर सोड.

बेकर्सफील्डचा_बंड्या
सगळे एक विसरताय, युनिट्स! आपण मीटर-किलोन्यूटनवाले, इथे सगळं फुटात. मॅनिंगमध्ये १ च्या जागी १.४८६ घालायचं विसरलं की उत्तर चुकतं आणि ते चुकीचं उत्तर पर्यायात टपून बसलेलं असतंय. मी महिनाभर नुसतं ६२.४ (घनफूट पाण्याचं वजन, पौंडांत) आणि ४३,५६० (एकराचे चौरस फूट) घोकत होतो.

शून्य_भोपळा
ती चार वर्षं टेक्सासात ड्रेनेज करतेय, तिला सीएफएस (सेकंदाला घनफूट) तू शिकवणार? 😄

मुठाकाठची_ऑस्टिनला
हो, सीएफएस मला आता मराठीच वाटतं. पण बाब्याचं बटणांचं लागलं. काल ऑफिसात बसून पाइपचं एक साधं गणित हातानं करून बघितलं, पंचवीस मिनिटं. आठ तासांत ८० म्हणजे एका प्रश्नाला सहा मिनिटं. मला येत होतं सगळं, फक्त सूत्र सापडत नव्हतं, हँडबुकात सर्च टाकला की नको तिथली पानं आधी.

शून्य_भोपळा
मग ते क्लासमध्ये जाऊन सापडणारे का? शोधून शोधूनच सापडतं.

जर्सीचा_बाब्या
आणि दोन वर्षांचं पोर मांडीवर घेऊन शोधणार कधी, ते पण सांग. रेकॉर्डिंग बघू, उद्या बसू, हे मी दीड वर्ष म्हणालोय. एनसीईईएसच्या नियमाने बारा महिन्यांत तीनदाच बसता येतं, दर वेळी ४०० डॉलर, हेही जमेत धर.

मुठाकाठची_ऑस्टिनला
बरं, ठरलं. क्लासचे पैसे आत्ता भरत नाही. एनसीईईएसची सराव परीक्षा मागवलीय, येत्या शनिवारी नवरा पोराला घेऊन दिवसभर बाहेर, मी आठ तास स्क्रीनवरच्या हँडबुकासमोर. कॅल्क्युलेटर अप्पा बळवंत चौकात घेतलेला एफएक्स-९९१ चालतो ना?

कोपऱ्यातले_काका
चालतो. कॅसिओच्या नावात ९९१ किंवा ११५ असलं की झालं. सेल तेवढे बदल.

जर्सीचा_बाब्या
सोमवारी ८० पैकी किती ते इथे टाक. पासिंग किती लागतं ते तर ते सांगत नाहीत, पण ५० च्या खाली आली तर क्लासची लिंक मी स्वतः पाठवणार.

शून्य_भोपळा
आणि मी कडी पाठवतो.