आधी डिपस्टिक (इंजिनमधल्या ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघा
गाडीच्या इंजिनमधून टॅपेटचा (झडपा उघडणाऱ्या भागांचा) आवाज येतो म्हणून ऑइलमध्ये ॲडिटिव्हची (ऑइल सुधारायला मिसळतात त्या रसायनाची) बाटली ओतावी का, असं वर विचारलंय. माझं मत: नको.

चांगल्या इंजिन ऑइलमध्ये कंपनीने ॲडिटिव्ह आधीच घातलेली असतात. काजळी तरंगती ठेवणारी, गंज रोखणारी, शिवाय झीज थांबवणारं झिंक-फॉस्फरसचं संयुग. त्यांचं प्रमाण जपून ठरवलेलं असतं. फॉस्फरस वाढला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब होतो, म्हणूनच पेट्रोल गाड्यांच्या बऱ्याच ऑइलमध्ये तो ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवतात. वरून बाटली ओतली की हा हिशेबच बिघडतो.

जाहिरातींवर तर जाऊच नका. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'स्लिक ५०' या ऑइल ॲडिटिव्हच्या झीज कमी करण्याच्या दाव्यांना पुरावा नाही म्हणून कारवाई केली होती.

माझ्या जुन्या गाडीत मीही घट्ट ॲडिटिव्ह घातलं होतं. आवाज आठवडाभर दबला, मग परत सुरू. शेवटी सकाळी थंड इंजिनची डिपस्टिक पुसून पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! मॅन्युअलमधल्या ग्रेडचं नवं ऑइल, नवा फिल्टर, आवाज बंद. तुम्हीही आधी पातळी बघा. ती बरोबर असूनही आवाज येत असेल तर ऑइल प्रेशर तपासून घ्या, उशीर करू नका.