सुरमई थाळीच मागवायची असेल तर मालवणपर्यंत कशाला जायचं?

तिरफळ:
काल एक पोस्ट वाचली. "मालवणात जुन्या खानावळीत गेलात की डोळे झाकून सुरमई थाळी सांगा, बाकी मेनू वाचूही नका, बांगडे-पेडवे काय घरीपण मिळतात." लोक भराभर पुढे पाठवतायत. माझ्याकडे चार ग्रुपांवरून आली, शेवटी राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

तीस-चाळीस वर्षं चालणारी खानावळ सुरमईच्या तुकडीवर टिकत नाही हो. ती टिकते सकाळी बंदरावर जाऊन मासे पारखून घेणाऱ्या माणसावर आणि आत वाटण करणाऱ्या बाईवर. सुरमई तळायला फारसं काही लागत नाही. मधला एक काटा, मांस घट्ट, हळद-मीठ-आगळ-मसाला लावून तव्यावर टाकली की झालं, अगदी नवशिक्यालाही जमते, शहरातही तशीच लागते. बांगड्याचं तिखलं मात्र चांगलं करून दाखवा मग बोलू. ठेचलेली तिरफळं, आमसुलं, मसाला, पाणी बेताचं. त्यात लपायला जागाच नाही, बांगडा शिळा असेल तर पहिल्या घासाला कळतं. तीच गोष्ट सौंदाळ्यांच्या आमटीची, पेडव्यांच्या सुक्याची, तळलेल्या मुडदुशांची. मोरीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, मटण तर शहरात किती ठिकाणी मिळतं सांगा मला, आणि मिळालं तर तो वास काढायचा कसा हे किती जणांना येतं?

तर आत गेलात की मेनूकार्ड बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, आज काय आलंय? जे आलंय ते कालवणात घ्यायचं, तळलेलं नको. तळलेल्यात मसाला खाता तुम्ही, कालवणात मासा खाता. आणि थाळी घेतलीच तर वाटीतलं कालवण कुठल्या माशाचं आहे तेवढं तरी विचारा, बरेचदा तुकडीपेक्षा तीच वाटी भारी असते आणि लोक ती अर्धी टाकून उठतात. बघवत नाही.

दादरकर:
ती पोस्ट मी पण शेअर केली होती, आणि परत करेन. आम्ही वर्षातून एकदा गाडी काढून येतो, बरोबर दोन लहान मुलं आणि सासूबाई. तुमचं ऐकून एकदा "आज काय आलंय" केलं होतं. मुडदुशा आल्या. चव छान होती, नाही म्हणत नाही, पण धाकट्याच्या घशात काटा अडकला, भाताचे गोळे झाले, केळं झालं, शेवटी रात्री डॉक्टर शोधत फिरलो. त्यानंतर आमच्या घरात सुरमई म्हणजे सुरमई.

आणि शहरात तशीच लागते हे साफ चूक आहे. इकडे आम्हाला बर्फात दिवस काढलेली मिळते, शिजली की पिठूळ. तिकडच्या तुकडीचा पापुद्रा सुटतो. आम्ही एकदा जूनच्या शेवटी गेलो होतो, तुफान पाऊस, तरीसुद्धा ताटात अशी जाडजूड ताजी सुरमई की विचारू नका.

वेंगुर्ल्याची सून:
तिरफळदादा, बाकी सगळं मान्य पण तळलेलं नको हे अजिबात मान्य नाही. तळणीला नावं ठेवायची वेळ आली कारण सगळीकडे रव्यात लोळवतात. आमच्याकडे तांदळाचं पीठ, तेही पातळ हात, खाली मासा दिसला पाहिजे. रव्याचा जाड थर दिला की माशाचं पाणी आत कोंडतं आणि वरचं कुरकुरीत तेवढंच लक्षात राहतं. जुन्या खानावळींनीसुद्धा गिऱ्हाईक मागतं म्हणून रवा सुरू केला, याचं मला फार वाईट वाटतं.

सडेतोड:
रवा आणि पीठ राहू द्या, दर लिहा म्हणावं आधी. "आजचा मासा" विचारला की वेटर परातीत मासा आणून दाखवतो, आपण खूश, दर विचारायला लाज वाटते, आणि बिलात एका तांबोशीचे एवढे लावतात की दोन थाळ्या झाल्या असत्या. कार्डावर "साइजप्रमाणे" एवढंच. माझ्याबरोबर हे झालंय, पाहुण्यांसमोर झालंय. थाळीचा दर छापलेला असतो म्हणून माणूस थाळी घेतो, त्यात त्याला मासे कळत नाहीत असं काही नसतं.

तिरफळ:
सडेतोड, हा मुद्दा घेतला. पण दर विचारायला लाज का वाटावी? मासा दाखवला की तिथंच विचारायचं, कापायच्या आधी. बंदरावर कोळणीला विचारताना नाही ना लाजत आपण.

रापणीवालो:
दादरकरांनू, माका एक सांगा, जूनच्या शेवटाक ताजी सुरमई खंयसून इली? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका बंद असतत. त्या पावसात बिनइंजिनाच्या होडीतून सुरमईक कोण भायर जाता? तुम्ही खाल्लास ती बर्फातलीच. वर्षभर एकाच जाडीची तुकडी ताटात येता तेव्हा कोणाक प्रश्न कसो पडणा नाय?

पावसात खाऊचा काय ता आमच्याकडे आसा. खाडीतले मासे, चिंबोऱ्या, पहिल्या पावसाचे चढणीचे मासे. नायतर सुको बांगडो भाजून, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबऱ्यातली कोशिंबीर, नि पेज. खानावळीत मागून बघा, घरात जेवणासाठी केलेली असता, मेनूवर लिवत नाय कारण कोण मागणा नाय.

दादरकर:
तुम्ही माझ्या ताटात होतात का? मला ताजं-शिळं कळतं. आणि असली बर्फातली तर मालकाने सांगायला नको?

आईची खानावळ:
मी गप्प बसणार होते पण आता लिहिते. माझ्या आईने बरीच वर्षं खानावळ चालवली, मी शाळेतून आले की मासे साफ करायला बसायचे. पावसाळ्यात सुरमई साठवलेलीच असते, बहुतेक सगळ्यांकडे. मे महिन्यात चांगली मिळाली की मोठी घेऊन तुकड्या करून ठेवायची. न ठेवून करणार काय? जूनमध्ये येणारा प्रत्येक माणूस दारातूनच "सुरमई आहे का" विचारतो, नाही म्हटलं की पुढच्या हॉटेलात जातो. किसमूर देते म्हणून आईने सांगून बघितलं होतं. उठून गेले लोक.

आणि तिरफळ, तुम्ही पेडव्यांचं सुकं मागवा म्हणता. परातभर पेडवे साफ करायला किती वेळ जातो माहितीये का? प्रत्येकाचं डोकं, पोट, खवलं. बोटं कापतात, वास दोन दिवस जात नाही. आणि त्याचे पैसे द्यायची वेळ आली की गिऱ्हाईक म्हणतं, "पेडव्याचे एवढे?" सुरमईचे निमूट देतात. आमच्या घराचं कर्ज सुरमईने फेडलंय. पेडवे आम्ही घरच्यांसाठी करायचो कारण ते विकून परवडायचं नाही. तेव्हा खानावळ सुरमईवर टिकत नाही हे वाक्य जरा जपून लिहा.

तिरफळ:
ताई, तुमच्या आईंच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण तुम्ही जे सांगताय तेच तर माझं दुःख आहे ना. घरात उत्तम ते शिजतं आणि बाहेर गिऱ्हाइकाला साठवलेलं मिळतं, कारण गिऱ्हाइकाला कोणीतरी पोस्ट लिहून सांगितलेलं असतं की दुसरं काही मागू नको. पेडव्यांना सुरमईचा दर द्यायला मी तयार आहे.

आईची खानावळ:
तुम्ही एकटे तयार आहात. टेबलं रोज भरावी लागतात.

रापणीवालो:
दर दिवचो म्हणतास तर पेडवो-बांगडो मिळाक तरी होयो. पूर्वी रापणीक, म्हणजे किनाऱ्यावरसून ओढूच्या जाळ्याक, बांगड्याचो थवो लागलो की अख्खो गाव दोर ओढूक धावायचो, वाटो सगळ्यांका. आता पर्ससीनवाले, म्हणजे थवो घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचे बोटवाले, भायरच थवेच्या थवे घेरून नेतत, रातचे एलईडीवाले दिवे लावून उपसतत. मासेमारीचो अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 2016 साली सरकारान पर्ससीनवर बंधनां घातली, सप्टेंबर ते डिसेंबर सोडून राज्याच्या हद्दीत बंद. 2017 साली केंद्रान एलईडी बंद केली. कागदावर सगळा आसा. किनाऱ्यावरसून रात्री बघा, समुद्रात शहर वसल्यासारखा उजेड दिसता.

बोटमालक रत्नागिरी:
आला विषय शेवटी आमच्यावर. खानावळीत काय खायचं याचा धागा आहे ना हा? एलईडी वेगळं आणि पर्ससीन वेगळं, दोन्ही एका दमात बोलू नका. एलईडीला आमचाही विरोध आहे. आमची परवान्याची पर्ससीन बोट आहे, बँकेचं कर्ज आहे, खलाशांचा पगार आहे, मोसमाचे चार महिने मिळतात त्यातले किती तरी दिवस वादळाच्या इशाऱ्यात जातात. आम्ही चोर आहोत अशा थाटात बोलायचं नाही.

आणि आता खाण्याचंच बोलतो. तिरफळ म्हणतात सुरमई नको, बांगडा घ्या. हा बांगडा आणि तारली येतात कशात? मोठा वाटा आमच्यासारख्यांच्याच जाळ्यात येतो, कारण थव्याने फिरणारे मासे आहेत ते. सुरमई जास्त करून गिलनेटवाल्यांना, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडणाऱ्यांना, मिळते, गळाला लागते. म्हणजे लहान मच्छीमाराला पैसे मिळायला हवे असतील तर सुरमई खाणारा दादरकर तुमच्यापेक्षा त्याच्या जास्त कामाचा आहे. याचं उत्तर द्या.

दादरकर:
बरोब्बर!

रापणीवालो:
सुरमई गिलनेटवाल्याक मिळता ह्या खरा. पण बांगडो रापणीक पण लागता, किनाऱ्याक येवक दिलो तर. थवो भायरच घेरल्यार काठाक काय येतला? तुमच्या परवान्यावर माझा काय म्हणणा नाय. बिगर परवान्याच्यो किती, नि डिसेंबर संपल्यार दिसतत त्यो कोणाच्यो, ता तुमच्या संघटनेन सांगूचा.

बोटमालक रत्नागिरी:
बिनपरवान्याच्या आहेत, नाकारत नाही. त्यांच्यामुळे आमचंही नुकसान होतं. पण दरवेळी शिव्या खायला आम्हीच सापडतो.

वेंगुर्ल्याची सून:
पुरे करा दोघांनी. खाणाऱ्याच्या हातात काय आहे ते बोला. मला तर सगळ्यात राग येतो तो "बेबी पापलेट फ्राय" लिहिलेलं बघून. हाताच्या पंजात मावतील अशी पिल्लं ताटात चार-चार. 2023 मध्ये पापलेटला राज्य मासा केलं, त्याच साली 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, पापलेटला 135 मिलिमीटर. म्हणजे साडेतेरा सेंटीमीटरच्या आतलं पकडूच नये. आणि आपण पैसे देऊन तेच मागवतो, वर कौतुकाने फोटो टाकतो. एका जुन्या ठिकाणी मी ताट परत पाठवलं होतं. नवरा वैतागला, मालक वैतागला. तरी पुढच्या वेळीही परत पाठवीन.

सडेतोड:
हे मात्र पटलं. पण खानावळवाल्यांना तरी कोण तपासतं?

तिरफळ:
बोटमालक, तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो. सुरमई खाऊच नका असं माझं म्हणणं नाही. मोसमात, समोर अख्खा मासा दिसत असताना, गिलनेटची आहे असं सांगत असतील तर जरूर घ्या, आणि तिचं डोकं कालवणात घालायला सांगा. ते डोकं जुन्या खानावळीत मिळतं, नव्या हॉटेलात फेकतात. माझा विरोध आहे डोळे झाकून मागवण्याला. पावसाळ्यात सुरमई मागणारा, समोरच्या परातीत चमकणारे सौंदाळे असताना सुरमई मागणारा, अशांमुळेच ताईंच्या आईंना फ्रीजर घ्यावा लागला.

आईची खानावळ:
लाइट गेली तरी फ्रीजरमध्ये माल जरा टिकतो म्हणून सुद्धा तो घ्यावा लागतो, पण असो. एक सांगते, आईला सगळ्यात बरं वाटायचं ते कोणी कालवण परत मागितलं की. तुकडी परत मागणारे पुष्कळ असायचे, कालवणाची वाटी पुढे करणारा एखादाच. त्याला ती दुसऱ्या वाटीचे पैसे लावायची नाही.

दादरकर:
ठीक आहे. पुढच्या वेळी मोठ्यांसाठी जे आलं असेल त्याचं कालवण घेऊ. मुलांना सुरमईच, त्यावर चर्चा नको. आणि जूनमधली ती ताजीच होती.

रापणीवालो:
नव्हती.

वेंगुर्ल्याची सून:
दादरकर, मुलांसाठी सुरमईच कशाला, शिवल्यांचं (शिंपल्यांचं) सुकं घ्या, काट्याचा प्रश्नच नाही. फक्त रेती नीट काढलीय का ते आधी एक चाखून बघा. आणि तळलेलं काही सांगितलंत तर पिठातलं सांगा, रव्यातलं नको.